बाभळीच्या कोळशातून गाळलेलं पाणी

बाभळीच्या शेंगा विकत मिळत नाहीत. चिंचोके मिळतात, सीताफळाच्या बिया हंगामात फुकट मिळतात, कपाशीच्या पऱ्हाट्या तर सिल्लोडकडच्या कुठल्याही बांधावर ढीग लावून पडलेल्या असतात. शेंगांवर मात्र शेळीवाल्यांचा हक्क. आणि मला नेमक्या शेंगाच हव्या होत्या, कारण चिंचोके, सीताफळ आणि पऱ्हाट्या यांच्या कोळशावर आधीच कुणी ना कुणी पीएच.डी. करून बसलं होतं.

आज हे थट्टेनं लिहिता येतं. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.वाचून माझी बढती अडली होती. माझ्यामागून लागलेले पुढं गेले होते. स्टाफरूममध्ये कुणी कुणाला 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारली की मी पेपर तपासायला लागायचो. माझे गाईड म्हणाले, "विषय असा घ्या, की कच्चा माल फुकट आणि पाणी घाण. आपल्याकडं दोन्हीला तोटा नाही." विषय ठरला. पाण्यात उतरलेलं औषध बाभळीच्या शेंगांच्या कोळशानं काढून घेणं. कोळशाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. औषधाचे कण त्यांत जाऊन चिकटतात आणि पाणी मोकळं होतं. तत्त्व एवढंच आहे आणि ते खरं आहे. मी खोटं वागलो ते तत्त्वाच्या बाबतीत नाही.

शहराबाहेर औषधांचे कारखाने आहेत. त्यांच्या खालच्या अंगानं एक नाला जातो, नाल्याच्या काठी बाभळी आहेत आणि पुढं एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका बाईला उद्या कुणी शोधत जावं, अशी माझी इच्छा नाही.

ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा लांब काठीला आकडी बांधून शेंगा पाडत होती. खाली दहा-बारा शेळ्या माना वर करून उभ्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर. पिढीजात मेंढरं राखणारं घर, पण मेंढरं केव्हाच गेली होती. आता या शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि उरलेल्या दिवसांत नवरा-बायकोची मजुरी.

"ताई, थोड्या शेंगा मिळतील का?"

"तुमच्याकडं शेळ्या हायत?"

"नाही. कॉलेजात पाहिजेत."

"कॉलेजात शेळ्या हायत?"

"शेळ्या नाहीत. मी या शेंगांचा कोळसा करणार आहे."

तिनं काठी खाली घेतली. "शेळीच्या तोंडातलं काढून जाळणार? लई शिकलेले दिसता."

मग मी पाण्याचं सांगितलं. कोळसा पाण्यातली औषधं ओढून घेतो, असं म्हणालो. तिची थट्टा तिथंच थांबली. शेळ्या तशाच सोडून ती मला घरामागच्या विहिरीकडं घेऊन गेली आणि बादलीभर पाणी शेंदून माझ्यापुढं ठेवलं. पाणी दिसायला नितळ होतं. "वास घ्या," ती म्हणाली. "दवाखान्यात गेल्यावानी येतो का नाय? हे आमी पितो. शाळेजवळ हापसा हाय, पण तिथं निम्मा दिवस जातो. ह्या पाण्याचं बी करता का कायी?"

"बघू," मी म्हणालो. पोतंभर शेंगा तिनं स्वतः माझ्या स्कूटरवर बांधून दिल्या.

प्रयोगशाळेतलं काम मला मनापासून आवडलं, हे कबूल करतो. शेंगा धुवायच्या, वाळवायच्या, तुकडे करायचे. आम्लात भिजवून भट्टीत भाजायच्या, मग आम्ल निघून जाईपर्यंत धूत राहायचं. शेवटी बारीक चाळणीनं चाळलेला काळाभोर कोळसा हातात यायचा, पावडरीसारखा हलका. मग पाणी घ्यायचं. कुठलं पाणी? इथं आमच्या धंद्याची रीत सांगायला हवी. आम्ही नाल्याचं पाणी घेत नाही. आम्ही डिस्टिल्ड वॉटर घेतो, म्हणजे ज्यात काहीच नाही असं पाणी, आणि त्यात औषध मोजून विरघळवतो. मी सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलं होतं, जुलाबापासून जखमेपर्यंत कशालाही डॉक्टर लिहून देतात ती सिप्रोची गोळी. त्या स्वच्छ पाण्यात कोळशाला दुसरं काही कामच नसतं. सगळी भोकं त्या एका औषधासाठी मोकळी. माझ्या कोळशानं जवळजवळ सगळं औषध खेचून घेतलं. आलेख सुंदर आले. रीडिंग घेताना मी शीळ घालायचो, असं लॅब असिस्टंटनं नंतर सांगितलं.

तिच्या विहिरीचं पाणी मी एकदाच घेतलं. म्हणजे तीन बाटल्या आणल्या आणि तीनदा करून पाहिलं. त्या पाण्यात क्षार होते, सडलेल्या पाल्याचा अंश होता, कारखान्यातून आलेली मला नावं न ठाऊक असलेली आणखी बरीच रसायनं होती. ही सगळी भोकांत आधी जाऊन बसली आणि औषध बरंचसं पाण्यातच राहिलं. मी रीडिंग घेऊन गाईडकडं गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे शेवटच्या पानावर टाका. 'पुढील संशोधनास वाव' मध्ये."

ज्यांनी प्रबंध लिहिलाय किंवा तपासलाय त्यांना हे शेवटचं पान माहीत आहे. जे जमलं नाही ते तिथं एका वाक्यात जातं. मी लिहिलं, 'प्रत्यक्ष भूजलातील परिणामकारकतेचा अधिक अभ्यास होणे आवश्यक आहे.' या वाक्यात खोटं काहीच नाही. ती बाई ज्या विहिरीचं पाणी पीत होती ती या वाक्याखाली मी गाडली.

इथवर जे केलं ते माझ्यासारखे बरेच जण करतात. पुढचं माझं एकट्याचं आहे.

बढतीच्या फाईलमध्ये गावातल्या कार्यक्रमाचे फोटो असले तर वजन येतं, असं कुणीतरी सुचवलं. मी त्या गावी प्रात्यक्षिक ठेवलं. मारुतीच्या पारावर टेबल मांडलं, चाळीसेक माणसं जमली. सिप्रो पाण्यात विरघळलं तर दिसत नाही. पाणी आधीही नितळ आणि नंतरही नितळ. लोकांना दाखवायचं काय? म्हणून आम्ही अशा वेळी मिथिलीन ब्ल्यू वापरतो. हा निळा रंग. कोळशाची ताकद पाहायला विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हाच देतात, कारण तो पटकन चिकटतो आणि गेलेला दिसतो. मी काचेच्या भांड्यात रंग टाकला, पाणी शाईसारखं निळं झालं. त्यात कोळसा टाकून ढवळलं, थोडा वेळ थांबलो आणि गाळणीच्या कागदातून गाळलं. खाली पडलं ते पाण्यासारखं पाणी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एकजण ओरडला, "सर, थोडा कोळसा आमच्या सरपंचावर टाका, बघू काय काय उतरतं!" सरपंच स्वतः हसले. "आधी तुझ्यावर टाकू. तू तर सकाळपासूनच टाकून आलाय."

हशा थांबल्यावर ती उठली. बायका एका बाजूला बसल्या होत्या, तिथूनच पदर सावरून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं:

"सर, निळं गेलं हे दिसलं. पर आमच्या हिरीत निळं नाय. तिथं दवाई हाय. निळं गेलं म्हंजी दवाई बी जाती का?"

इतका नेमका प्रश्न मला पुढं तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनीही विचारला नाही. त्याचं खरं उत्तर त्या वेळी कॉलेजातल्या माझ्या टेबलाच्या खणात, तीन रीडिंगांच्या कागदावर होतं. समोर फोटोवाला उभा होता, लोक माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याच बोलीत म्हणालो,

"व्हय ताई. जाते."

एवढंच बोललो. या एका उत्तराला मी नंतर पुष्कळ कपडे घालून पाहिले. थोडं तरी जातंच की, असं स्वतःला समजावलं. काहीच नसण्यापेक्षा बरं, असंही. पण तिनं 'थोडं जातं का' असं विचारलं नव्हतं.

मग तिच्या घरी गाळणी म्हणून ड्रम बसवला. तळाला खडी, वर वाळू, मध्ये कोळशाचा थर, खाली तोटी. एवढा कोळसा भट्टीत आणि आम्लात करणं शक्य नव्हतं, म्हणून तो पत्र्याच्या डब्यात शेंगा कोंडून, डबा जाळात ठेवून केला. लॅबमधल्या कोळशाशी त्याचं नातं शेंगांपुरतंच. दर महिन्याला थर बदलायला हवा, नाहीतर कोळसा भरून जातो आणि ओल्या कोळशात जंतू घर करतात. हे मी तिला अर्धंच सांगितलं. "दर महिन्याला बदलायचा," म्हणालो. न बदलल्यास काय होतं ते बोललो नाही. "मीच येऊन बदलून देत जाईन."

तीन महिने गेलो. त्यानंतर प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले, नेमप्लेट बदलली. तिचा फोन आला. "सर, कोळसा बदलायचा व्हता. मी करू का डब्यात घालून?" म्हटलं, "नको, मी येतो." करू दिलं असतं तर बरं झालं असतं; तिनं माझ्यापेक्षा नीट केला असता. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हाही "येतो" म्हणालो. तिसरा आला तेव्हा मी वर्गात होतो, आणि नंतर मी उलट फोन केला नाही. बढतीचं पत्र आलं होतं, परीक्षांची कामं होती, आणि खरं सांगायचं तर त्या गावाकडं जाणारा रस्ताच मला नकोसा झाला होता.

पुढं पावसाळ्यानंतर तिच्या नवऱ्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. तसे काटे त्यांच्या पायात शंभर वेळा मोडलेले. या वेळी पाय सुजला, पू झाला. ती रोज सकाळ-संध्याकाळ जखम धूत होती. पूर्वी असं काही झालं तर हापशाचं पाणी आणून चुलीवर उकळायची. आता घरात सरांचा ड्रम होता. गाळलेलं, औषध काढून घेतलेलं पाणी. तिनं त्याच पाण्यानं धुतलं, न उकळता. चांगलं पाणी कशाला उकळायचं?

मला फोन आला तो शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून. शहरात तिच्या ओळखीचा मी एकटाच होतो. गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती आणि तिची सासू बसल्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. सासू सत्तरीच्या, अंगानं काटक, तोंडानं तिखट. आत तो पडलेला. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला शिकलेला समजून रिपोर्ट हातात दिला. पुवातल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं याची यादी असते ती. प्रत्येक औषधापुढं इंग्रजी एस किंवा आर. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. यादीत वरून दुसरं नाव सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं होतं. पुढं आर. त्याच्या खालीही बऱ्याच आर होत्या.

"साखरही आहे यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना माहीतच नव्हतं. पुढचा भाग काढावा लागेल, बोटं आणि त्यामागचं थोडं. उशीर झाला."

साखर. तो शब्द ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. काय लपवायचं आता! पुढं वर्षभर मी त्या साखरेला धरून बसलो. जंतू ड्रममधले होते, विहिरीतले होते, मातीतले होते की दवाखान्यातले, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, मीही नाही. जे पाणी थोडं थोडं औषध घेऊन वर्षानुवर्षं वाहतं त्यातले जंतू त्या औषधाला सरावतात, हे मात्र मला ठाऊक होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात मी ते लिहिलंय, चांगलं दीड पान.

बाहेर आलो तर सासूचं चालूच होतं.

"रोज धूत व्हती, रोज. म्या म्हनलं, माय, राख लाव, हळद लाव. नाय. हिला शहरातलं पानी पायजे. हिच्याच हातानं सडला माझ्या लेकराचा पाय."

"आत्या, सरांनी सांगितलं व्हतं पानी चांगलं हाय म्हणून." मग ती माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग अजिबात नव्हता. तिला फक्त साक्षीदार हवा होता. "सर, तुमी सांगा आत्याला. पानी चांगलं व्हतं ना?"

खरं सांगण्याची ही दुसरी वेळ आली होती. आसपास नातेवाइकांची गर्दी, एक वॉर्डबॉय, डॉक्टरीणबाई दारात. माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर आलं ते असं:

"जखमेसाठी पाणी उकळूनच वापरावं लागतं, ताई."

या वाक्यातही खोटं काही नाही. कुठल्याही पुस्तकात सापडेल. फक्त ते मी तिला त्याआधी कधीही सांगितलं नव्हतं, आणि मी ते अशा सुरात म्हणालो की जणू सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नाही.

"ऐकलं का?" सासू म्हणाल्या. "सर बी तेच म्हनतेत."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला समजलं होतं. मग तिनं मान खाली घातली आणि डबा धुवायला नळाकडं गेली. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो, फळं ठेवली आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, "कसे आहेत?" मी म्हणालो, "साखर निघाली."

त्यानंतर एक वर्ष मी तिकडं फिरकलो नाही.

वर्षानं तो स्वतःच कॉलेजात आला. काठी टेकत, एका पायात जाड बूट. अपंगत्वाच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर सही-शिक्का हवा होता. गावात कुणीतरी सांगितलं होतं की कॉलेजातले सर करून देतात. मी सही केली, चहा मागवला. माणूस मूळचा हसरा. पाय गेला तरी तो स्वभाव गेला नव्हता.

"घरचे कसे आहेत?"

"मजेत. आई खंबीर हाय. सत्तरीची म्हातारी माझ्यासाठी हापशावरून कळशी आणती."

"ताई नाही आणत?"

तो हसला. "तिच्या हातचं पानी बंद हाय ना घरात. आईनं बंद केलं. भाकरी चालती, भाजी चालती, पानी नाय. पावणा आला तरी आई उठती तांब्या भरायला. गावात बी समद्यांला ठावं झालं. तिच्या भावाच्या घरी लग्न व्हतं, तिथं बी कुनीतरी बोललं, हिच्या हातनं नवऱ्याचा पाय गेला. मी चोरून पितो तिच्या हातचं. गोठ्यात." पुन्हा हसला. "लग्नाआधी बी एवढं चोरून भेटलो नाय सर आमी."

आमच्याकडं घरी आलेल्या माणसासमोर पाण्याचा तांब्या आधी येतो, बोलणं नंतर. तो तांब्या कुणी आणायचा यावर घरातल्या बाईची जागा ठरते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो चहा पिऊन गेला आणि मी उरलेले दोन तास घेतले नाहीत. प्रकृतीचं कारण दिलं.

लगेच त्या रविवारी गावी गेलो नाही. आधी पाणी तपासायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत लॅब मोकळी होती. ती शेळ्यांमागं गेलेली असताना तिच्या नवऱ्याला सांगून ड्रमच्या तोटीचं आणि विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. ड्रममधल्या कोळशाला मधल्या काळात कुणी हात लावला नव्हता. आता त्यातून फक्त भांड्यांचं पाणी घेत होते. दोन्ही पाण्यांत सिप्रोचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. कोळसा केव्हाच भरून बसला होता. जंतूंची चाचणी आमच्या शेजारच्या विभागात करून घेतली. त्यात ड्रमचं पाणी विहिरीपेक्षाही वाईट निघालं. म्हणजे मी तिच्या घरात गाळणी म्हणून जे बसवलं होतं ते न बसवतो तर तिचं बरं झालं असतं.

कागद खिशात घालून गेलो. तिघंही घरी होते. सासूनं तांब्या आणला. मी तो हातात धरला आणि तसाच बोलायला लागलो, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. पारावर दाखवला तो रंग होता, औषध नव्हतं. तुमच्या विहिरीचं पाणी मी त्याआधीच तपासलं होतं आणि कोळसा त्यावर चालत नाही हे मला माहीत होतं. ताईंनी विचारलं तेव्हा मी व्हय म्हणालो. कोळसा बदलायला आलो नाही. पाणी उकळा असं कधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात तसं बोललो ते स्वतःला वाचवायला.

 सासू म्हणाल्या, "मंग दवाखान्यात कामून नाय बोलला?"

"भीती वाटली."

"कुनाची? आमची?" त्या खरोखरच समजून घेऊ पाहत होत्या. "आमी काय केलं असतं तुमाला?"

"आई, मला साखर बी व्हती," नवरा म्हणाला. तो मला वाचवत होता. ते मला सगळ्यात जड गेलं.

"साखर व्हती तर हिला कामून बोलू दिलं मला वरीसभर?" म्हातारी त्याच्यावर उसळली. "तू मुका व्हता?"

ती मात्र उठून बाहेर गेली. शेळ्यांपुढं पाला टाकल्याचा, मग अंगण झाडल्याचा आवाज आला. आता ही येत नाही, आपण निघावं, असं मला वाटलं. तेवढ्यात ती दारात आली. हातात तिच्या शाळकरी मुलीच्या वहीचं मधलं जोडपान आणि पेन.

"बोललेलं वाऱ्यावर जातंय. आज आत्यानं ऐकलं, उद्या माझ्या भावजयीला कोण सांगन? लिहून द्या."

"काय लिहू?"

"आत्ता बोलला ते समदं."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. प्रबंध लिहायला चार वर्षं लागली होती, हे पानभर लिहायला अर्धा तास लागला आणि तो मला अवघड गेला. दोनदा हात 'पुढील अभ्यास आवश्यक' असल्या वाक्याकडं वळला, दोनदा खोडलं. तिला वाचता येत होतं, पण माझं अक्षर लागेना म्हणून नवऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तो वाचत असताना ती भिंतीकडं बघत उभी होती. वाचून झाल्यावर म्हणाली,

"एक ऱ्हायलं."

"काय, ताई?"

"मी इचारलं व्हतं. समद्यांसमोर उठून इचारलं व्हतं, दवाई जाती का म्हणून. ते नाय आलं ह्यात. लोक म्हणतेत, बाई येडी, कुनी बी कायी बी सांगितलं की भुलती. मी भुलले नाय. मी इचारलं, आन् तुमी व्हय म्हनला. तसं लिहा."

मी तसं लिहिलं, तिच्या शब्दांत. मग खाली सही केली आणि नाव लिहिताना थांबलो. ज्या कामावर ती पदवी मिळाली त्याच्याविरुद्धच हा कागद होता. नुसतं नाव लिहावं, असं मनात आलं. नवरा वाकून बघत होता. म्हणाला, "डॉक्टर लिहा की सर. नुसत्या नावाला कोन मानतंय?"

तीही म्हणाली, "लिहा."

मी डॉ. लिहिलं.

त्या कागदाच्या तिनं बाजारच्या गावी जाऊन झेरॉक्स काढल्या. एक ग्रामपंचायतीत दिली. विहिरीचं पुढं काय व्हायचं ते अजून व्हायचंच आहे. एक माहेरी घेऊन गेली आणि भावजयीच्या हातात दिली, असं तिच्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत आहे. मी गाईडना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झालं ते झालं, प्रबंध काही मागं घेता येत नाही." घेता येतो का, हे मी विद्यापीठात विचारायला अजून गेलेलो नाही. जाईन असं इथं लिहिणार नाही. 'येतो' म्हणून न जाणं आधीच पुरेसं झालं.

मागच्या फोनवर मी नवऱ्याला धीर करून विचारलं, घरात पाणी आता कोण देतं?

"आई तिचा तांब्या तीच भरती अजून. म्हातारं माणूस, हट सोडत नाय. पर मला आता गोठ्यात जावं लागत नाय." मग आवाज जरा बाजूला घेऊन तो ओरडला, "काय गं, सर इचारतेत, पानी देती का मला?"

मागून तिचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हता, त्याच्यासाठी होता.

"दोन येळा मागितल्याबिगर नाय देत म्हणून सांग."